ताई, त्या ५०० च्या एररमधून बाहेर काढलंत, त्यासाठी

ताई,

नाव टाकत नाहीये, चारचौघात कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे. पण हे पत्र मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहून राहिलो, कारण तुम्ही जे शिकवलं ते नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) काम करणाऱ्या नागपूरच्या बाकी पोरापोरींनाही कळायला पाहिजे.

कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी गाडी बुक करायचं ॲप आमच्याकडे आलं तेव्हा कोड आधीच कोणीतरी लिहिलेला होता. फॉर्ममध्ये काहीही चुकलं, पिनकोड पाच आकडी पडला, जीएसटी नंबर राहून गेला, की सर्व्हर सरळ ५०० (म्हणजे 'सर्व्हरमध्येच बिघाड' सांगणारा कोड) द्यायचा आणि स्क्रीनवर 'काहीतरी बिघडलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा'. थोड्या वेळाने काय होणार, पिनकोड तर तोच राहणार ना! बहाराच्या दिवसात माल भरून ठेवलेला आणि माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून राहिला, इकडे आम्हाला रात्री अलर्ट की सर्व्हर पडला, आणि सर्व्हर ठणठणीत.

तुमचा आमच्या कंपनीशी काहीच संबंध नाही, तरी तुमचं ऑफिस सुटल्यावर तुम्ही कॉलवर येत राहिलात. आणि कोड बघायच्या आधी तुम्ही एकच विचारलंत, "गडबड पाठवणाऱ्याकडची आहे का आपल्याकडची?" ४०० च्या घरातले कोड पहिल्यासाठी, ५०० च्या घरातले दुसऱ्यासाठी, हे पाठ सगळ्यांनाच असतं, पण हँडलर, म्हणजे एरर आल्यावर उत्तर ठरवणारं फंक्शन, लिहिताना हा प्रश्न प्रत्येक एररला विचारायचा असतो हे तुमच्यामुळे डोक्यात बसलं. जेसनचा (फॉर्मची माहिती ज्या साच्यात येते त्याचा) कंस तुटलेला असला तर रिक्वेस्ट राऊटपर्यंत, म्हणजे ती हाताळणाऱ्या आपल्या कोडपर्यंत, पोचतच नाही, एक्सप्रेसचा (नोडवरचं आमचं फ्रेमवर्क) पार्सर, म्हणजे ती माहिती वाचणारा भाग, आधीच एरर फेकतो, आणि त्या एररवर स्टेटस ४०० लावलेलाच असतो. आमचा जुना हँडलर तो न बघता सगळ्यावर ५०० चा शिक्का मारायचा.

सगळ्यात भारी होतं ते चार आर्ग्युमेंटचं (फंक्शन कंसात जे घेतं ते). व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे भरलेली माहिती तपासताना सापडलेल्या चुकांसाठी, वेगळा हँडलर कोडमध्ये होता, दिसायला एकदम बरोबर, पण चालायचाच नाही. तुम्ही म्हणालात, आर्ग्युमेंट मोजा. एरर, रिस्पॉन्स, नेक्स्ट, तीनच! रिक्वेस्ट आत कुठे वापरली नव्हती म्हणून साफसफाईत कोणीतरी काढून टाकलेली. एक्सप्रेस एरर मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेत बसून एरर सांभाळणारं फंक्शन) ओळखतो तोच मुळी आर्ग्युमेंटच्या संख्येवरून, चार असतील तरच, नाहीतर त्याला साधं मिडलवेअर समजतो आणि एरर येत असताना चक्क ओलांडून पुढे जातो. वापरत नसलात तरी चारही जागेवर ठेवायचे. आणि हे सगळे हँडलर राऊटच्या खाली, शेवटी. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक, म्हणजे काम उशिरा पूर्ण करणाऱ्या, फंक्शनमधली एरर आपणच पकडून नेक्स्टला (पुढच्या हँडलरकडे सोपवणाऱ्या फंक्शनला) द्यावी लागते, २०२४ मध्ये आलेल्या ५ मध्ये ती आपोआप पुढे जाते, तेही तुमच्याकडूनच कळलं.

मग ते जॉयचं, व्हॅलिडेशनच्या लायब्ररीचं. तो डिफॉल्टने पहिल्याच चुकीवर थांबतो, म्हणजे व्यापारी एक सुधारणार, पाठवणार, मग दुसरी दिसणार. अबॉर्ट अर्ली, म्हणजे लवकर थांबायची सेटिंग, बंद केलं आणि सगळ्या चुका ज्या त्या रकान्याखाली एकदम दिसायला लागल्या. चुकलेल्या फॉर्मला ४०० द्यायचा का ४२२ यावर आमच्या टीममध्ये बम वाद झाला, तुम्ही म्हणालात पायथनचं फ्रेमवर्क फास्टएपीआय ४२२ देतो, बाकी कितीतरी जण ४०० देतात, एक ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. उत्तराचा साचाही घरी बनवू दिला नाहीत, २०२३ चं आरएफसी ९४५७ (एररचं उत्तर कसं असावं ते सांगणारा इंटरनेटचा मानक दस्तऐवज) वाचायला लावलंत. टाईप, टायटल, स्टेटस, डिटेल तिथले, चुकांची यादी तेवढी आमची जोडलेली.

पण खरं थँक्यू मोबाईल नंबरसाठी. काही जणांचा दहा आकडी नंबर बरोबर असून रिजेक्ट होत होता आणि कोणालाच कारण सापडेना. तुम्ही शांतपणे लॉगमधला एक नंबर दाखवलात, आकडे देवनागरी होते, मराठी कीबोर्डवरून टाईप केलेले. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला (मजकूर तपासायच्या नमुन्यातला) बॅकस्लॅश डी, म्हणजे 'कोणताही आकडा' सांगणारी खूण, फक्त इंग्रजी आकडे धरतो, पायथनमध्ये तोच देवनागरीही धरतो. "नंबर बरोबर आहे, तपासणाराच चुकून राहिला," एवढंच बोललात तुम्ही. आता व्हॅलिडेशनच्या आधी आम्ही आकडे बदलून घेतो, आणि मराठीत टाईप करणाऱ्या माणसाला काही वेगळं करावं लागत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं ताई, कारण त्या माणसाला आपण उगाच चुकीचं ठरवत होतो.

तुम्ही विचारलं होतं बिल्टीच्या (मालवाहतुकीच्या पावतीच्या) फोटोचं काय केलं. मल्टरच्या (फाइल अपलोड सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) एररवर स्टेटस नसतो, म्हणून फाइल मोठी झाल्याचा त्याचा कोड बघून ४१३ देतो आणि लिमिट किती ते मेसेजमध्ये मराठीत लिहितो. टेस्टही लिहिल्या आहेत, वेळ मिळाला की एकदा बघा.

तुमचा,
धरमपेठेतला तो सारखे प्रश्न विचारणारा