माळ्यावरून उतरल्यावर

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबा, फोनवर तुम्ही पहिलं वाक्य ऐकता आणि दुसऱ्या वाक्याला शिडी शोधायला निघता, म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, आणि त्यांनी मधेच ‘ते मला माहीत आहे’ म्हटलं तरी थांबू नकोस.

चार दिवसांसाठी आले आणि त्यातले दोन माळ्यावर काढले, याचा तुम्हाला राग आला हे मला कळलं. आई खालून हाका मारत होती आणि मी बॅटरी घेऊन वाशांखाली रांगत होते. पण निदान आता अंदाजानं बोलायला नको. छप्पर सगळं उतरवून नवं करायची गरज नाही. दक्षिणेकडचं पाखं ठणठणीत आहे. उत्तरेकडचं मात्र आजारी आहे, आणि त्याचा आजार पावसाचा कमी, न वाळण्याचा जास्त आहे. समुद्राची दमट हवा आणि वर झाडाची गर्द सावली. पाऊस थांबला की दक्षिणेची कौलं दुपारपर्यंत कोरडी होतात, उत्तरेची दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात. असं महिनोन्‌महिने चाललं की कौल टिकतं, पण त्याच्याखालचं लाकूड आणि खिळे टिकत नाहीत.

आधी निजायच्या खोलीतला तो डाग. बाबा, तुम्ही दरवर्षी डागाच्या बरोबर वरच्या कौलांना डांबर फासता. ती कौलं निर्दोष आहेत. पाणी आत येतं ते तिथून दोन हात वर, जिथं दोन पाखी मिळतात त्या घळीतून. तिथला पत्रा पानांच्या कुजक्या थराखाली गंजून चाळणीसारखा झालाय. तिथून शिरलेलं पाणी वाशाच्या पोटाला धरून खाली सरकतं आणि वाटेत लाकडाची गाठ आली की तिथं टपकतं. म्हणजे डाग पडतो गाठीखाली आणि डांबर बसतं भलत्याच कौलाला. शिवाय डांबरानं कौलांच्या सांध्या बंद झाल्यात, त्यामुळे वरून आत गेलेलं थोडंसं पाणीही आता बाहेर पडत नाही. ते डांबर मिस्त्रीला खरवडून काढावं लागेल. उन्हात नको, मऊ होऊन पसरतं.

गळती शोधायची रीत दादाला दाखवून ठेवली आहे. कोरड्या दिवशी पाण्याची नळी खालून वर न्यायची. आधी वळचण भिजवायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग वीतभर वर. एकजण माळ्यावर बसून बघणार. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. या कामाला चिकाटी लागते, म्हणून ते दादाकडे. तुमच्याकडे नाही.

आता जे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं ते सांगते. तिसऱ्या दिवशी पहाटे माळ्यावर गेले. आठवतं ना, आदले दोन दिवस पावसाचा थेंब नव्हता. तरीही आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला थेंब लोंबत होता. रांगेनं, जणू कुणी मोजून लावलेत. ही गळती नव्हेच. ही आपल्याच घरातली वाफ. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशांच्या हवेत जेमतेम १७. रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता टाकत थंड होतं, माळ्यावरची हवा त्याला टेकली की जास्तीची वाफ पाणी होऊन बसते, आणि लोखंड लाकडापेक्षा लवकर गार होतं म्हणून पहिला मान खिळ्यांचा.

ही वाफ येते कुठून, ते बघायला मी न्हाणीघरातला पंखा चालू करून वर गेले, तर त्याची नळी माळ्यावरच संपलेली! बाहेर जातच नाही. ज्यानं बसवला त्यानं तोंड छताच्या वर काढलं आणि हिशेब घेऊन गेला. इतकी वर्षं आपण अंघोळीची सगळी वाफ वाशांना पाजतोय. भर म्हणून, पाखरं घरटी करतात म्हणून बाबांनी वळचणीखालच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. पाखरं थांबली, वाराही थांबला. त्या फटी उघडायच्या आणि आतून बारीक जाळी ठोकायची. हवा वळचणीतून आत आली पाहिजे आणि वर आढ्याजवळून बाहेर गेली पाहिजे. बाहेरची हवाही दमटच, मग फायदा काय, असं तुम्ही विचाराल. दुपारची वाहती हवा दमट असली तरी ओलं लाकूड वाळवते. कोंडलेली वाळवत नाही. पंख्याची नळी बाहेर काढणं आणि फटी उघडणं ही दोन कामं कौलाला हात लावायच्या आधी व्हायला हवीत. मिस्त्री कंटाळा करेल, कारण यात त्याला दाखवण्यासारखं काही नाही.

शेवाळ्याबद्दल आपल्यात वाद आहे तो मिटवू. बाबांचं म्हणणं, हिरवळ आहे, काय बिघडवते? शेवाळाला खरी मुळं नसतात हे बरोबर, ते कौल फोडत नाही. पण ते पाणी धरून ठेवतं, स्पंजसारखं. सांध्यांत त्याची गादी फुगली की कौलाची कड उचलली जाते, आणि मग वाऱ्याबरोबर आलेला पाऊस खालून वर शिरतो. दगडफुलाचे ते राखाडी चट्टे वेगळे. ते बुरशी आणि शैवालाचं संयुक्त कुटुंब, इतकं घट्ट चिकटतं की ओरबाडलं तर कौलाचा वरचा पापुद्राही निघतो. त्याला मारायचं आणि सोडून द्यायचं, पुढच्या पावसांत आपोआप गळतं. शेजारच्यांच्या डांबरी शिंगलच्या छपरावर जे काळे ओघळ आहेत ते तर यातलं काहीच नाही, ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. काकूंना सांग, धूर नाही तो.

गेल्या वर्षी ज्याला बोलावून मशीनच्या फवाऱ्यानं छप्पर धुवून घेतलंत त्याला पुन्हा बोलावू नका. छप्पर आठवडाभर नव्यासारखं दिसलं, मान्य. पण कौलाची भाजलेली गुळगुळीत कातडी त्यानं खरवडली, आणि खरबरीत झालेल्या कौलावर शेवाळ आता दुप्पट वेगानं धरतंय. शिवाय एकमेकांत अडकणाऱ्या या कौलांच्या खाचा वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात. फ्रान्समधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये असल्या कौलाचं पेटंट घेतलं तेव्हा खालून वर मारलेला फवारा त्यांच्या हिशेबात नव्हता. तो सगळा माळ्यावर गेला. पुठ्ठ्याच्या खोक्यातले तुमचे जुने कागद का भिजले, त्याचं उत्तर हे.

मग करायचं काय? कोरड्या दिवशी मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी घेऊन वरून खाली झाडायचं, मग शेवाळ मारायचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच पातळ करून शिंपडायचं आणि सोडून द्यायचं. ब्लीच वापरू नये असं माझं मत, कारण ते पन्हळीतून थेट आईच्या कुंड्यांत उतरतं आणि पत्राही खातं. आणि वापरलंच, तर संडास धुवायच्या अॅसिडबरोबर कधीही नाही. दोन्हींचा मिळून क्लोरीन वायू होतो, तो जीव घेऊ शकतो.

त्यानंतर आढ्याच्या कौलांखाली जस्ताची पट्टी लावायची. पावसाचं पाणी तिच्यावरून जाताना थोडं जस्त घेऊन उतरतं, त्यात शेवाळ रुजत नाही. परिणाम पट्टीच्या खाली काही हातांपर्यंतच टिकतो, पूर्ण पाखं त्यानं स्वच्छ राहील असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. तांबं जास्त जालीम असतं, पण आपल्याकडे नको. तांब्यावरून आलेलं पाणी आपल्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पन्हळीला खाऊन टाकेल.

खाऱ्या हवेचा एक उलटा न्याय माळ्यावरून उतरल्यावर समजला. मला वाटायचं, पावसात उघडे असलेले खिळे आधी गंजतील. पण वळचणीखालचे, जिथं पाऊस कधी पोचत नाही, तेच जास्त सडलेत. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालचं साचत राहतं. म्हणून नळीनं छप्पर भिजवाल त्या दिवशी वळचणीचं पोटही साध्या पाण्यानं धुऊन घ्यायचं. नवे खिळे-स्क्रू घेताना नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणून भागणार नाही. ३०४ नावाचं असतं ते समुद्राजवळ तांबूस डाग धरतं. ३१६ मागायचं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो आणि ते मिठाला बरंच पुरून उरतं. महाग पडेल. पण खिळे पुन्हा बदलायचे तर कौलं पुन्हा उतरवावी लागतात, आणि दर उतरवणीला चार-दोन फुटतातच.

लाकडाचं फार नाही. प्रत्येक वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. वळचणीकडच्या दोन वाशांची टोकं लोण्यासारखी लागली, बाकी टणक. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, म्हणून वर म्हटलं ते वाळण्याचं प्रकरण इतकं लावून धरलंय. ती दोन टोकं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायची आणि बाजूला जोडवासा बांधायचा. कापण्याऐवजी वरून रंग मारून देतो असं मिस्त्री म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा. तसंच कौलांवर तो चकचकीत वॉटरप्रूफ रंगही नको. त्याखाली ओल अडकली की बाहेर पडायला जागाच उरत नाही.

पन्हळ. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपलं एक पाखं साधारण ६० चौरस मीटर धरलं आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पडला, तर ३,००० लिटर त्या एका पन्हळीतून जायचं असतं. तिच्या तोंडाशी मूठभर पानं अडकली की ते पाणी मागे फिरून वाशांच्या टोकांवरच चढतं. त्या दोन वाशांचं कारण हेच.

आणि आई, पानं म्हटल्यावर तुझं झाड आलंच. तू त्या दिवशी काही न बोलता उठून गेलीस, म्हणून हे नीट लिहिते. झाड तोडायचं कुणीच म्हणत नाहीये. तू लावलंस तेव्हा ते कुंपणाएवढं होतं, आता अर्ध्या छपरावर टेकलंय. फक्त छपरावर आलेल्या फांद्या मागे घ्यायच्या, म्हणजे पाख्याला रोज थोडा वेळ ऊन आणि वारा लागेल. एका वर्षात पावपेक्षा जास्त पसारा काढायचा नाही, नाहीतर झाड खचतं. कोणत्या फांद्या ते तू उभी राहून दाखव. तुझ्याशिवाय कुणी करवत लावायची नाही, असं दादाला बजावलंय.

बाबा, आता शेवटचं, आणि इथं मला वाद नको. ओल्या शेवाळावर पाय ठरत नाही. मागच्या वर्षी तुम्ही पडला नाहीत हे खरं, पण घसरलात हेही खरं. आईनं मला तेव्हाच सांगितलं होतं. वर जाणारा माणूस दोर बांधून जाईल, शिडी भिंतीपासून चार फुटांना एक फूट या हिशेबानं टेकवेल, आणि तो तुम्ही नसाल. शिडी सापडत नाही असं तुम्ही काल दोनदा म्हणालात. ती दादा गाडीवर बांधून त्याच्याकडे घेऊन गेलाय, मीच सांगितलं होतं.

तुमच्यासाठीही काम आहे. माळ्यावर आतल्या जिन्यानं जाता येतं, तेवढं चालेल. घळीखालच्या वाशावर मी ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून तारीख लिहिली आहे. दर रविवारी सकाळी बघा, ओल रेघेच्या बाहेर गेली असेल तर नवी रेघ मारा, आणि खिळ्यांवर थेंब आहेत का ते मला फोनवर सांगा. पेन्सिल दाराशी सुतळीला बांधून ठेवली आहे, चष्मा तुमचा तुम्ही न्या.

तुमची
धाकटी