ताई, त्या नवव्या प्रश्नासाठी थँक्यू

ताई,

थँक्यू म्हणायला फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही "अगं असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

फेब्रुवारीत तुमच्या काउन्सेलिंगच्या केबिनमध्ये आले तेव्हा मला वाटत होतं आमचं मेंटल हेल्थचं अ‍ॅप जवळपास झालंय. आम्ही तिघं, फायनल इयरचा प्रोजेक्ट, आणि अ‍ॅप कोणासाठी तर 18 ते 25 च्या मुलांसाठी, म्हणजे आमच्यासारख्याच, घर सोडून पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसच्या डब्यावर दिवस काढणाऱ्या. तुम्ही चष्मा लावलात, माझा फोन घेतलात आणि त्यातल्या पीएचक्यू-9 चे, म्हणजे नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीचे, नऊच्या नऊ प्रश्न स्वतः भरलेत, अजिबात घाई न करता. नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले. तुम्ही "जवळजवळ रोज" वर टॅप केलंत, सबमिट केलंत, आणि स्क्रीनभर रंगीत कागदाचे तुकडे उडाले, "मस्त! आजचं चेक-इन पूर्ण!"

तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. फक्त फोन माझ्याकडे वळवून टेबलावर ठेवलात.

ते अ‍ॅनिमेशन मी दोन रात्री जागून केलं होतं. ते कोणाला, कुठल्या क्षणी दिसणार हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला रडूच कोसळलं, तर तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत आणि म्हणालात, "कळलं ना, मग बदलून टाकू."

आता स्कोअरची टोटल 27 पैकी कितीही येऊ दे, अगदी 2 आली तरी, नवव्याला "अजिबात नाही" सोडून काहीही आलं की वेगळी स्क्रीन उघडते. त्यावर दोनच बटणं, एक टेलिमानसचं, म्हणजे सरकारी मेंटल हेल्थ हेल्पलाइनचं, 14416 आणि दुसरं आपल्या माणसाचं, ज्याचा नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह करून घेतो. 14416 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, 24 तास, फुकट, मराठीतही बोलता येतं, आणि मेंटल हेल्थचं अ‍ॅप बनवत असूनही मला तो माहीत नव्हता! बटण टाकण्याआधी तुम्ही मला स्वतः फोन लावायला लावलात, नेटपॅक संपला असला तरी बटण चालायला हवं म्हणालात, ते तर आम्हाला कधीच सुचलं नसतं.

मला प्रश्नसुद्धा आमच्या भाषेत बदलायचे होते. तुम्ही अडवलंत, की शब्द बदलले तर स्कोअरला अर्थ राहत नाही, बदलायचं ते आधीचं आणि नंतरचं बोलणं. आणि मग ती वही काढलीत, इतक्या वर्षांत मुलं दारातून आत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलतात ते लिहून ठेवलेली, कोणाचंही नाव नाही. तरीही वही माझ्या हातात दिली नाहीत, तुम्ही वाचत गेलात आणि मी लिहून घेत गेले. डोकं बधीर झालंय. जेवण जात नाही. घरचा फोन उचलावासा वाटत नाही. रूमवर नुसता पडून असतो. नैराश्य हा शब्द त्यात एकदाही आला नाही. आमच्या अ‍ॅपच्या पहिल्याच स्क्रीनवर तो मोठ्या अक्षरात होता.

सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य होतं "काही नाही, असंच." ते आता पहिल्या स्क्रीनवर ऑप्शन म्हणून आहे, आणि टेस्टिंगला आलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त तेच दाबलं ताई.

सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं तो आकडा पण काढून टाकला. चार दिवस अंथरुणातून न उठलेल्या मुलाला पाचव्या दिवशी शून्य दाखवणार का, हे तुम्ही विचारलंत त्याच रात्री काढला. लॉक स्क्रीनवर "मूड कसा आहे" येत नाही, रूममेटला दिसतं म्हणून, आता नुसतं "एक मिनिट आहे का?" येतं.

हे सगळं तुम्ही लंच ब्रेकमध्ये केलंत, बाहेर बाकावर मुलं थांबलेली असताना. एक रुपया घेतला नाहीत, नाव टाकू का विचारलं तर तेही नको म्हणालात.

शनिवारी नवीन बिल्ड घेऊन येतेय. नऊच्या नऊ प्रश्न परत भरा, सबमिट करा, आणि फोन माझ्याकडे वळवून ठेवा.