पानपिंपळी पाठवतोय, पण मोजून वापर

अंजनगाव सुर्जी,
कार्तिक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घरात सगळ्यांनाच सर्दी-खोकला झालाय आणि माय रोज गंजभर काढा उकळतेय, असं तू लिहिलंस. तोच काढा सगळ्यांना, दिवसातून चार वेळा. गड्या, आधी तो थांबव. काढा औषध आहे, त्याला माप लागतं. सर्दी आणि फ्लू विषाणूने होतात. काढ्याने ते मरत नाहीत आणि अँटिबायोटिकनेही मरत नाहीत. घरच्या औषधाने घसा शेकतो, कफ सुटतो, झोप लागते. सर्दी सात ते दहा दिवसांत तिच्या वेळेनेच जाते.

एसटीने येणाऱ्याच्या हाती पाव किलो पानपिंपळी, म्हणजे काढ्यात घालायची औषधी पिंपळी, पाठवतोय, आपल्याच पानमळ्यांच्या पट्ट्यातली. एका मोठ्या माणसाचं दिवसाचं माप असं: दोन कप पाणी, अर्धा चहाचा चमचा सुंठ, चार मिरे, एक पानपिंपळी, बोटाच्या पेराएवढा ज्येष्ठमध. सगळं जाडसर ठेच. बारीक पूड केली तर गाळता येत नाही आणि घशाला खवखवते. मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळ, दहा-बारा मिनिटं लागतात. मग गॅस बंद करून तुळशीची आठ-दहा पानं आणि गवती चहाची एक पात कापून टाक, वर झाकण ठेव आणि पाच मिनिटं थांब. इथंच बहुतेकांचं चुकतं. तुळस सुरुवातीपासून उकळली की तिचं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरभर वास दरवळतो आणि कपात कडू पाणी उरतं. सुंठ-पिंपळीला मात्र उकळी लागतेच.

अर्धा कप सकाळी, अर्धा संध्याकाळी, जेवल्यावर. तीन-चार दिवस, त्यापुढे नाही. मिरे-पिंपळी उपाशीपोटी गेली की छातीत जळजळ होते, तोंड येतं. आपलं जेवण आधीच तिखट. मोठ्या पोरीला पाव कप पुरे, पिंपळी न घालता. मायला बीपीची गोळी चालू आहे, म्हणून तिच्या काढ्यात ज्येष्ठमध नको. त्याने अंगात पाणी साचतं आणि रक्तदाब चढतो.

घट्ट कफ छातीत अडकला असेल तर अडुळशाला तोड नाही. कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच बनलं. बांधावरच्या झुडपाची जून पानं घे, कोवळी नको. कच्चं पान वाटून पिळलं तर हाताला नुसता चोथा लागतो. दहा-बारा पानं धुऊन चाळणीत पाच-सात मिनिटं वाफव. हिरवा रंग काळपट झाला, पान लुळं पडलं की फडक्यात घालून पिळ. चमचा-दीड चमचा रस निघेल. एक चहाचा चमचा रस, तेवढाच मध, दिवसातून दोनदा. जास्त घेतला तर उलटी होते. धाकट्या वहिनींना दिवस गेलेत, त्यांना अडुळसा अजिबात द्यायचा नाही. गर्भाशय आकुंचन पावण्याचा धोका असतो.

सहा महिन्यांच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका. वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात अंग लुळं पडतं. मोठ्या पोरीला झोपताना चमचाभर मध मात्र खोकल्यावर छान. बाळाचं नाक चोंदलं असेल तर पाणी उकळून कोमट होऊ दे. लिटरभर पाण्यात मीठ नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे. स्वच्छ ड्रॉपरने प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, दूध पाजायच्या आधी. पाणी रोज नवं कर. नाकात तेल नको, कापूर तर नाहीच. कापूर पोटात गेला तर लेकराला झटके येतात. ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी बांधलीत तर आधी आपल्या मनगटावर टेकवून बघा. चटका लागला तर ती लेकराच्या अंगाला लावायची नाही.

वाफेला साधं पाणी पुरतं. भांडं मांडीवर किंवा पलंगावर घेऊ नका, टेबलावर भिंतीला लावून ठेवा. पोरांना असली वाफ देऊच नका, वाफ घेताना पोळलेली लेकरं दवाखान्यात येतात.

बिब्ब्याचं काय, असं तू विचारलंस. दिव्यावर धरून थेंब दुधात पाडायची रीत जुनी आहे, पण शुद्ध न केलेला बिब्बा उततो, म्हणजे अंगावर फोड आणतो. थेंब ओठाला लागला तरी फोड येतात. घरी करू नका. कुणाला उतलाच तर साबणाने धुवून खोबरेल तेल लावा.

हळद-दूध रात्री घ्या, अर्धा चमचा हळद, दोन मिनिटं उकळून. वायगावची हळद मिळाली तर उत्तम.

आता मला सगळ्यात काळजी वाटते ते सांगतो. कपाशी वेचून आलेल्या माणसाला नाक न गळता सपाटून ताप, डोकं, अंगदुखी असेल तर ती सर्दी समजू नका. २०१८ साली नागपूरकडे स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. काखेत, जांघेत काळी खपली आहे का बघा. डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण काढ्यात चार दिवस घालवले तर जिवावर बेततं. रक्त तपासेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू असला तर ॲस्पिरिन, ब्रुफेन रक्तस्राव वाढवतात.

आणि बाळ शांत असताना सदरा वर करून पूर्ण मिनिटभर त्याचा श्वास मोज. त्याच्या वयाला ५० किंवा जास्त भरला, बरगडीखालची कातडी आत ओढली जात असेल, किंवा ते दूध सोडत असेल, तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन कर. वर्ष उलटल्यावर आकडा ४०. मेळघाटाकडे अशा लेकराच्या पोटाला तापल्या विळ्याचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. तुमच्याकडे कुणी सुचवलं तर आडवा हो.

पिंपळी पोचली की एक दिवस उन्हात दे आणि काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेव, ओलीला लगेच बुरशी धरते. मायला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. बाळाचा श्वास किती भरला ते आजच फोन करून कळव.

तुझाच,
मित्र