रोजच्या आवाजांवरील रचना : ध्वनिमुद्रणाविषयी सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रोजच्या आवाजांपासून इलेक्ट्रॉनिक संगीत रचण्याच्या आपल्या उपक्रमात प्रत्येकाने स्वतः मुद्रित केलेले आवाजच वापरावेत. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी रेल्वेच्या मुद्रित आवाजांतून रचना उभी केली, आणि आपल्यालाही तयार नमुन्यांऐवजी आधी कानांवरच विसंबायचे आहे.

मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह (WAV) स्वरूपात करावे आणि आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, कारण मुद्रणातच फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करणे फार अवघड असते.

पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज घेतल्यास झाकणाची थरथर पूर्ण थांबेपर्यंत मुद्रण बंद करू नये. मुद्रित आवाज वाजवण्याचा वेग निम्मा केला की तो आवाज एक सप्तक खाली उतरतो, दुप्पट लांबतो, आणि सुरुवातीचा आघात कापून टाकल्यास उरलेला नाद झाकणाचा आहे हे ओळखणेही कठीण होते. बहुतेक जण घाईने नेमके हेच शेपूट, म्हणजे विरत जाणारा शेवटचा नाद, गमावतात, म्हणून ही विनंती आग्रहाने करीत आहे.

कोणाचे बोलणे मुद्रित होणार असल्यास त्यांची परवानगी आधी घ्यावी. फाइलच्या नावात वस्तू आणि तारीख लिहावी.