उजनीत चिलापी खुशाल धरा, कटल्याची पिल्लं धरू नका

संपादक साहेब,

उजनी धरणात बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांनी बोटाएवढे रोहू-कटला काढतात हे बघून राग येतो. अहो कटला अंडी घालायच्या वयात यायलाच साधारण दोन वर्षं लागतात, त्याआधीच उचलला तर पुढची पिढी येणार कुठून? आणि पावसाळ्यात मासे वाहत्या पाण्याकडे अंडी घालायला निघाले की नेमकी तेव्हाच जाळी लागतात! चिलापीचं (तिलापिया माशाचं) उलटंय, ती वर्षात कितीतरी वेळा विते, पिल्लं तोंडात सांभाळते, तिला खुशाल धरा. धरणात नुसतं मत्स्यबीज, म्हणजे माशांची बारकी पिल्लं, सोडून काय होणार? जून ते ऑगस्ट बंदी कडक करा, भिगवणच्या बाजारात माशाची साइज चेक करा, आणि बंदीत गरीब मच्छीमाराला भत्ता द्या, तो तरी काय खाणार.

– एक वाचक, इंदापूर