घागरीचा आवाज ऐकणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाईत आमचा एक बँड होता, हे आज गावातही फार थोड्यांना आठवत असेल. वर्षभरसुद्धा टिकला नाही तो. पण जेवढा वाजला तेवढा तुमच्या साऊंडच्या गोदामात वाजला. त्याबद्दल चारचौघांत तुमचे आभार मानावेत, असं आम्हा सगळ्यांच्या मनात आहे.

२०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. लातुरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी आणि साधारण ५ लाख लिटर पाणी घेऊन. आपल्याकडची लग्नं पुढं ढकललेली, त्यामुळं तुमचे स्पीकर ताडपत्रीखाली पडून होते. धंदा बसलेला असताना तुम्ही ते आम्हाला वाजवायला दिलेत. भाड्याचा विषय काढलाच नाहीत. उलट लाईट जाणार म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी आमच्यासाठी भरून ठेवायचात.

गिटार, हलगी, चौंडकं आणि त्या रेल्वेवरचं एक गाणं, एवढंच आमच्याकडं होतं. गाण्यात रेल्वे म्हणजे मिरजेची नवरी. मोकळ्या घागरी घेऊन वऱ्हाड फलाटावर उभं, मंगलाष्टकं चाललेली, आणि नवरीच्या अंगावर तोळे किती ते सोडून तिनं लिटर किती आणले याचीच सोयऱ्यांत कुजबुज. लोक खूप हसायचे. त्यांनी हसावं हे आम्हाला हवंच होतं. पण पुढं टँकरच्या रांगेतल्या बायांचं सांगायचं होतं, आणि तिथं आमच्यातला एकजण वाजवणं थांबवून दुष्काळावर बोलायला लागायचा.

तुम्ही एकदा मिक्सर सोडून आमच्यासमोर येऊन बसलात. म्हणालात, "लेकरांनो, नाथांच्या भारुडाला मी कितीदा साऊंड लावलाय. भारूडवाला हसवत हसवत नेतो अन् हसता हसताच माणूस गप होतो. आता हसू नका, असं तो सांगतो का? मग तुम्ही का सांगायलेत?"

पैठणचे एकनाथ आम्ही शाळेत शिकलो होतो. भारूड माणसावर काम कसं करतं, हे त्या दुपारी तुमच्याकडून कळलं.

भाषण काढून टाकलं. त्या जागी काय ठेवायचं, तेही तुम्हीच दाखवलंत. भजनाचा माईक घेऊन तुम्ही आमच्यासोबत टँकरपाशी आलात आणि घागर भरतानाचा आवाज रेकॉर्ड करून दिलात. पाणी चढतं तशी आतली हवा कमी होते आणि आवाज बारीक होत वर जातो. रांगेतल्या बाईला वाकून बघावं लागत नाही, पाईप कधी काढायचा ते तिला कानानंच कळतं. गाण्यात आम्ही तो आवाज चढवत नेला आणि घागर भरायच्या आत तोडला. हलगीही तिथंच बंद. "एको नको," तुम्ही म्हणालात, "घागर घागरीसारखीच ऐकू आली पाहिजे." गिटारखाली चौंडक्याचा घुमारा दबतो, हे तुमच्या कानानं पकडलं होतं. गिटारचा बेस कमी केलात, हलगीचा माईक लांब सरकवलात, आणि पहिल्यांदा आमची वाद्यं एकमेकांना ऐकू आली.

त्या देवळासमोरच्या कार्यक्रमात आयोजकांना सिनेमातली गाणी हवी होती. आवाज कमी करा म्हणून ते तुम्हाला खुणावत होते. पुढची ऑर्डर त्यांच्याच हातात होती, तरी तुम्ही आवाज उतरवला नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत घागर ऐकू गेली, तुटली, आणि बायांमधून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवो, भरू द्या की पुरती!" कुणीही हसलं नाही. आमच्या गाण्याला याहून मोठी दाद मिळाली नाही, आणि आम्हाला नकोही होती.

पुढं कुणी नोकरीला पुण्याला गेलं, कुणी शिक्षणाला संभाजीनगरला. बँड संपला. ती गाणी मात्र चांगली होती, असं मी आजही ठामपणे म्हणतो, आणि त्यातलं निम्मं काम तुमचं आहे.

घागरीचं ते मूळ रेकॉर्डिंग आमच्याकडं आहे. आता सगळी गाणी नीट करून लोकांना ऐकायला खुली करायची आहेत. वाजवणाऱ्यांच्या नावांत तुमचंही नाव घालायचं ठरलंय. ध्वनी म्हणून वेगळं, खाली नाही, आमच्याच ओळीत. तुमची परवानगी हवी आहे, काका. नाव कसं लिहायचं, तेवढं फोनवर सांगा.

तुमचा,
गिटारवाला