‘काम करताना’ नव्हे, काम थांबवून

रविवारच्या पुरवणीत भूमापकांच्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांवरचा लेख वाचला. छायाचित्रे अप्रतिम आहेत; पण ती ‘प्रत्यक्ष कामाच्या क्षणी टिपलेली’ आहेत हे विधान पटले नाही.

१८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा आणि तो वाळण्याआधी, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, छायाचित्र घेऊन काच धुवायची, असा खटाटोप असे. त्यासाठी अंधारखोली सोबत न्यावी लागे. १८६७ मध्ये अमेरिकेतील चाळिसाव्या अक्षवृत्ताच्या सर्वेक्षणाबरोबर गेलेल्या छायाचित्रकार टिमोथी ओसलिव्हनची अंधारखोली तर घोडागाडीतच होती. शिवाय कॅमेऱ्यातल्या काचेवर काही सेकंद प्रकाश पडू द्यावा लागे. तेवढा वेळ हललेले सारे पुसट होई.

मी आयुष्यभर मोजणीचेच काम केले, म्हणून एक खूण सांगतो. या चित्रांत थिओडोलाइटवाला (कोन मोजण्याची दुर्बीण चालवणारा), साखळी धरणारे आणि दूरच्या खुणेवर निशाण धरणारा निशाणवाला अगदी खेटून उभे दिसतात. जमीन मोजायची गुंटरची साखळी ६६ फुटांची. ती ताणली की दोघे साखळीवाले एका चौकटीत मावणे कठीण. निशाणवाला तर त्याहून कितीतरी दूर. म्हणजे सगळ्यांना हाका मारून जवळ बोलावले होते.

यामुळे चित्रांचे मोल कमी होत नाही. त्या माणसांनी आपली अवजारे किती अभिमानाने धरली आहेत, ते पाहावे! मात्र पुढच्या भागात चित्रांखाली ओळी देताना ‘छायाचित्रासाठी उभे राहिलेले मोजणीपथक’ असे छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त भूमापक